कानपूरची नऊ पाने

१६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्याआधी इंग्लंडमधील इतर गणितज्ञांना पाठवलेली पत्रे निष्फळ ठरली होती. हार्डींच्या उत्तरावर ८ फेब्रुवारी ही तारीख आहे. मधल्या काळात भारतातील एका असामान्य प्रतिभेचे भवितव्य एका वाचकाच्या हाती होते.

पुढे ८९ वर्षांनी, रविवार, ४ ऑगस्ट २००२ रोजी, आयआयटी कानपूरमधून एक शोधनिबंध ईमेलने १५ तज्ज्ञांकडे गेला. लेखक होते प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना. निबंध अवघ्या नऊ पानांचा होता. प्रश्न मात्र फार जुना. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि झटपट ठरवता येईल का? तोवरच्या कसोट्यांपैकी काही संभाव्यतेवर विसंबून होत्या, काही सिद्ध न झालेल्या गृहीतकांवर, तर काही पुरेशा वेगवान नव्हत्या. कानपूरच्या रीतीत यांतली एकही उणीव नव्हती. संख्येतील अंक वाढले, तरी लागणारा वेळ बहुपदीच्या मर्यादेतच वाढत होता.

सोमवारी अमेरिकेत कार्ल पोमरन्स यांनी सिद्धता पडताळली आणि त्याच दुपारी तिच्यावर व्याख्यान दिले. मंगळवारी निबंध इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. गुरुवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली.

या कथेतील वेग थक्क करणारा आहे. परंतु तिचे खरे मर्म निराळेच आहे. पहिले १५ वाचक निवडकच होते. निबंध खुला झाल्यावर मात्र कोणत्याही देशातील विद्यार्थी त्यातील प्रत्येक पायरी स्वतः तपासू शकत होता. वाचक परीक्षक झाले आणि काही तर सुधारकही. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी सुचवलेल्या बदलांमुळे संख्या सिद्धांतातील एका कठीण प्रमेयाचा आधार घेण्याची गरज उरली नाही आणि सिद्धता अधिक सोपी झाली. हे सुधारित रूप २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ने प्रसिद्ध केले. २००६ मध्ये या कार्याला गोडेल पारितोषिक मिळाले.

बातमी चार दिवसांत जगभर गेली. अंतिम निबंधाला दोन वर्षे लागली. इंटरनेटने दार उघडले, पण सत्याची कसोटी शिथिल केली नाही. असत्यही त्याच तारांवरून, त्याच वेगाने धावते. कानपूरची ती नऊ पाने टिकली, कारण त्यांतील प्रत्येक ओळ अनोळखी वाचकाच्या तपासणीला उतरली. जागतिक वाचकवर्ग लाभणे आज सोपे झाले आहे. त्याच्यासमोर ठेवण्याजोगी सिद्धता मात्र आजही ज्याची त्यालाच घडवावी लागते.