साताऱ्याची श्रुतिपेटी आणि मिरजेचा तंबोरा

कारागीर आणि रचनाकार एकत्र आले की हस्तकलेला नवे आयुष्य मिळते, असे हल्ली वारंवार ऐकू येते. आपल्या सातारा-सांगलीकडे हा प्रयोग फार पूर्वीच झाला आहे. एकदा तो साधला, एकदा फसला.

आधी फसलेल्याची गोष्ट. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स यांना २२ श्रुतींचा ध्यास लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी स्वर गाऊन दाखवले, देवलांनी ते मोजले आणि १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या हिशेबाने श्रुतींची पेटी लंडनमध्ये तयार करवून घेण्यात आली. पण १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत भातखंडे आदी जाणकारांना हे गणित पटले नाही. पेटी मागे पडली. गाणारा इथला, मोजणारेही इथलेच. घडवणारा मात्र सातासमुद्रापार! चुकले तिथे कानस फिरवायला तो जवळ नव्हता.

मिरजेत नेमके उलटे घडले. १८१८ नंतर मराठी राज्य गेले, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. शिकलगारांच्या हाती कसब होते, काम नव्हते. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे सतारी, तंबोरे घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई मिरजेत येत, आपली वाद्ये दाखवत, खोड सांगत. पुढे वाद्यदुरुस्तीत स्वतः मुरलेले अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेत स्थायिक झाले. गल्लीचे नाव सतारमेकर गल्ली पडले.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. दांडी, तबली मापाने करता येते. जवारीला मात्र माप नाही. घोडीचा माथा कानसेने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. गाणाऱ्याने मान डोलावली की काम झाले. इथे रचनाकार तोच, जो वाद्य मांडीवर घेऊन बसतो.

१९७९ मध्ये बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला. आता तर तो मोबाईलमध्येही आला आहे. घरच्या रियाजाला सोय झाली, पण कारागिराच्या दारातली गवयाची बैठक कमी झाली. मुलांना हा कान कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. जवारीचे रक्षण मात्र तंबोरा उचलून मिरजेला नेणाऱ्या गाणाऱ्यांनीच करायचे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)