मॅक मॅक्कॉर्मिक यांचें दप्तर : निक्षेपाचा एक प्रश्न

जुनीं दप्तरें शोधणाऱ्यांस एक प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. घरधनी विश्वासानें रुमाल सोडून दाखवितो. ‘नकलून घेऊन परत करतों’ असें सांगून संशोधक तो नेतो. आणि पुढें तो रुमाल कोणाचा याविषयीं वर्षानुवर्षें वाद माजतो. अमेरिकेंतील एका संग्राहकाच्या बाबतींत असा वाद त्याच्या मृत्यूनंतरहि शमलेला नाहीं. कागद परक्या देशांतले असले तरी न्याय एकच, म्हणून तें प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

रॉबर्ट ऊर्फ मॅक मॅक्कॉर्मिक (१९३०–२०१५) हे टेक्सास प्रांतांतील ह्यूस्टन शहराचे रहिवासी. त्यांचा विषय ‘ब्लूज’, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय शेतकरी-मजुरांमध्यें उपजलेली गीतपरंपरा. तिचीं साधनें ग्रंथालयांत नव्हतीं. तीं म्हाताऱ्यांच्या आठवणींत व घरच्या पेट्यांत होतीं. तीं मॅक्कॉर्मिक यांनीं दारोदार हिंडून मिळविलीं. १९६० सालीं खानेसुमारीच्या कामावर असतां त्यांस ह्यूस्टनच्या एका वस्तींत जुने पियानोवादक आढळले. त्याच वर्षीं क्रिस स्ट्रॅक्विट्झ यांच्यासह ते नॅव्हासोटा येथील मॅन्स लिप्सकम या शेतकरी गायकापर्यंत पोंचले. १९६१ सालीं त्यांनीं एल्. व्ही. थॉमस या वृद्धेची मुलाखत टिपून ठेविली. १९३० सालच्या कांहीं ध्वनिमुद्रिकांपलीकडे या बाईची जगास माहिती नव्हती.

असा ५९० ध्वनिफितींचा व १६५ पेट्या कागदांचा संग्रह झाला. मॅक्कॉर्मिक स्वतः त्यास ‘राक्षस’ म्हणत. उन्माद व विषाद यांच्या आलटून पालटून येणाऱ्या विकारानें ते ग्रस्त होते; त्यांचें लेखन सिद्धीस जाईना. पॉल ऑलिव्हर यांच्यासह आरंभिलेला टेक्सासच्या ब्लूजचा ग्रंथ दोघेहि निवर्तल्यावर २०१९ सालीं छापला गेला.

खरा वाद रॉबर्ट जॉन्सन या गायकावरून आहे. हा १९३८ सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं वारला. १९३६ व १९३७ सालीं मुद्रित झालेलीं २९ गीतें एवढेंच त्याचें धन; पण मरणोत्तर कीर्ति समुद्रपार गेली. १९७२ सालीं मॅक्कॉर्मिक यांनीं त्याच्या सावत्र बहिणी कॅरी थॉम्पसन व बेसी हाइन्स यांस मेरीलँडमध्यें शोधून काढलें, आठवणी टिपल्या आणि कुटुंबांतील छायाचित्रें नेलीं. तीं परत मागूनहि मिळेनात. १९७४ सालीं कॅरीबाईंनीं स्टीव्ह लाव्हिअर या दुसऱ्या संशोधकाशीं करार केला, तेव्हां मॅक्कॉर्मिक यांनीं आपला हक्क आधींचा असल्याचें पुढें केलें. जॉन्सनच्या समग्र गीतांचा संच अशा भांडणांत अडकून १९९० सालीं निघाला. त्याच्या लाखों प्रती खपल्या. परंतु कॅरीबाई १९८३ सालींच वारल्या होत्या.

मॅक्कॉर्मिक यांनीं लिहिलेलें जॉन्सनचें चरित्र २०२३ सालीं स्मिथसोनियन संस्थेनें प्रसिद्ध केलें. संपादक जॉन ट्राउटमन यांनीं त्यांतून या भगिनींकडून मिळालेला मजकूर गाळला, कारण तो त्यांस सरळपणानें मिळविलेला वाटला नाहीं. उलट बाजूहि आहे. एल्. व्ही. थॉमस हिची मुलाखत अर्धशतक पेटींत पडून होती. २०१४ सालीं जॉन जेरेमाया सलिव्हन यांनीं ती मॅक्कॉर्मिक यांची अनुमति नसतां प्रसिद्ध केली.

मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप व अस्वामिविक्रय हीं येतात. निक्षेपाचाच विधि याज्ञवल्क्य याचित वस्तूसहि, म्हणजे मागून आणलेल्या वस्तूसहि, लावितो. त्या दृष्टीनें पाहतां कॅरीबाईंचीं छायाचित्रें याचित होतीं. मागतांच तीं परत करणें प्राप्त होतें. शोधकाच्या पायपिटीनें त्याच्या टिपणांवर त्याचा अधिकार उत्पन्न होतो, दुसऱ्याच्या वस्तूवर होत नाहीं. तथापि अनुमतीवांचून पेटी उघडणाऱ्यासहि आम्ही निर्दोष म्हणणार नाहीं. एका निक्षेपाच्या भंगानें दुसऱ्याची भरपाई होत नसते. गाळलेल्या मजकुराविषयीं मात्र मन द्विधा होतें. भगिनींचा मान राखला गेला, हें योग्यच. पण त्यांची स्वतःची वाणीहि त्या ग्रंथांतून वगळली गेली. संग्राहकाच्या अपराधाचा दंड येथें पुन्हा त्याच घराला पडला.

मॅक्कॉर्मिक नसते तर यांतील पुष्कळसें काळाच्या उदरांत गेलें असतें, हें त्यांच्या निंदकांनींहि मान्य केलें पाहिजे. पण रक्षण आणि स्वामित्व यांतील भेद त्यांस कळला नाहीं. आमच्याहि कपाटांत लोकांच्या घरचे रुमाल आहेत. प्रत्येकावर मूळ धन्याचें नांव, आणल्याची मिति आणि परत करण्याची बोली लिहिलेली आहे काय, हें संग्राहक बंधूंनीं आपलें डोळे मिटण्यापूर्वी एकदां पाहून घ्यावें.