आधी कात्री, मग काडेपेटी

रे ब्रॅडबरीचं 'फॅरनहाइट ४५१' बहुतेकांनी वाचलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. न वाचलेल्यांसाठी दोन ओळीत सांगतो. भविष्यातली अमेरिका. पुस्तक बाळगणं हा गुन्हा. आगीचे बंब येतात ते आग विझवायला नाही, पुस्तकं जाळायला! गाय मॉन्टॅग हा असाच एक बंबवाला, आणि एक दिवस तो स्वतःच पुस्तकं वाचायला लागतो.

कादंबरी १९५३ ची. हिचं आधीचं रूप म्हणजे 'द फायरमन' ही दीर्घकथा. ती ब्रॅडबरीने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या भाड्याच्या टाइपरायटरवर लिहिली. अर्ध्या तासाला १० सेंट, एकूण खर्च ९ डॉलर ८० सेंट. पुढे अमेरिकेतल्या हायस्कुलांत इंग्रजीच्या तासाला ही कादंबरी हमखास शिकवली जाऊ लागली.

खरी गंमत इथून पुढे आहे.

१९६७ मध्ये बॅलन्टाइन या प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली, 'बाल-हाय' नावाची. तिच्यात सुमारे ७५ ठिकाणी कात्री चालवली होती. शिव्या गेल्या. गर्भपाताचा उल्लेख गेला. दारू प्यायलेला माणूस आजारी झाला. एका ठिकाणी बेंबीतला मळ काढायचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणं आलं. (बेंबीने कोणाचं काय घोडं मारलं होतं देव जाणे!) आणि पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही की बाबांनो, हा मूळ मजकूर नव्हे. लेखकालाही पत्ता नाही.

सहा वर्षं दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी विकल्या जात होत्या. मग १९७३ पासून बॅलन्टाइनने मोठ्यांसाठीही हीच सोवळी आवृत्ती छापायला सुरुवात केली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी गुपचूप फोर्क काढला, आणि काही दिवसांनी तोच मेन ब्रँच झाला. चेंजलॉग नाही, काही नाही. १९७३ ते १९७९, तब्बल सहा वर्षं हे चाललं.

आता डोळ्यांसमोर आणा. १९७५ सालचा एक वर्ग. बाई फळ्यावर 'सेन्सॉरशिप' लिहितायत, मुलं त्यावर निबंध लिहितायत, आणि सगळ्यांच्या हातातलं पुस्तकच सेन्सॉर झालेलं!

हे उघडकीला आणलं ते विद्यार्थ्यांनीच. त्यांनी ब्रॅडबरीला पत्रं लिहून कळवलं. तो अर्थातच भडकला. मग प्रकाशकाने मूळ मजकूर नव्याने जुळवून छापला, आणि ब्रॅडबरीने पुस्तकाच्या शेवटी एक खरमरीत टिपण जोडलं.

मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे कादंबरीत हेच लिहून ठेवलंय. मॉन्टॅगचा साहेब, कॅप्टन बीटी, त्याला समजावतो की सुरुवात सरकारने केलीच नव्हती. लोकांनाच पुस्तकं छोटी हवी होती, कोणाला न दुखावणारी हवी होती. आधी कात्री आली, काडेपेटी नंतर. जाळलं की निदान धूर तरी दिसतो हो, ७५ ठिकाणी शब्द बदलले तर वर्गातल्या हुशार मुलालाही कसं कळणार? जुनी प्रत शेजारी ठेवली तरच.

आणि ही जुनी प्रतच आता दुर्मिळ होत चाललीय. २००९ मध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलचं '१९८४' लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकलं. कारण हक्कांचं होतं, पैसेही परत दिले. पण १९७३ साली घरातल्या कपाटात हात घालून कोणालाही पुस्तक बदलता येत नव्हतं, हा फरक आहेच.

असो. जमलं तर एक करा. शाळेतल्या 'कुमारभारती'तला आवडता धडा मूळ पुस्तकाशी ताडून बघा. काय काय गाळलंय, का गाळलंय, आणि तसं कुठे सांगितलंय का. काही सापडलं तर मलाही कळवा.