इजाऱ्याचे यंत्र

यवतमाळ जिल्ह्यातील महसुली गावांची यादी कधी निवांतपणे चाळली, तर काही गावांच्या नावामागे 'इजारा' असे एक शेपूट लागलेले आढळते. आणि ते नाव एसटीच्या पाटीवर रोज वाचणाऱ्या माणसालाही हे शेपूट आले कोठून, याचा सहसा पत्ता नसतो. वऱ्हाडात १८६५ साली पडीत जमिनीविषयीचे नियम झाले आणि त्यांनुसार ओसाड पडलेली गावेच्या गावे मुदतीच्या पट्ट्याने लागवडीसाठी देण्यात आली. जमीन सरकारची, वहिवाट इजारदाराची, हद्द कागदावर आखलेली. आणि त्या हद्दीच्या आत इजारदाराने विहीर खणावी, बांध घालावेत की कपाशी पेरावी, यासाठी त्याने रोज उठून कोणाच्या दारी अर्ज घेऊन जाऊ नये, असा तो एकंदर बंदोबस्त होता.

खुद्द वऱ्हाड तरी दुसरे काय होते? १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली केला. १९०२ साली तो सालीना २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर गेला. १९०५ मध्ये वाशीमकडचा पुसद तालुका जोडून जुन्या वणी जिल्ह्याचे यवतमाळ झाले. आणि १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही प्राप्त झाला, परंतु ज्या मुलखाचा तो प्रिन्स, त्या मुलखाचा कारभार चाले तो नागपुराहून. दप्तरात मालकी एकाची आणि प्रत्यक्ष अंमल दुसऱ्याचा, ही व्यवस्था आमच्या वाडवडिलांनी शतकभर अनुभवली, आणि तीत काही विपरीत आहे असे पेरणीच्या घाईत फारसे कोणाला वाटले नसावे.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, याच घाटाची एक व्यवस्था आज जिल्ह्यातील कित्येक घरांत लॅपटॉपच्या पोटात नांदते आहे. एका संगणकाच्या आत दुसरा संगणक थाटायचा, त्याला स्मृतीचा, साठवणीचा आणि प्रक्रियेचा ठरावीक हिस्सा तोडून द्यायचा, आणि त्या आतल्या संगणकाने मात्र हे सारे लोखंड आपलेच आहे अशा समजुतीत राहायचे. पाठ्यपुस्तके त्यास 'आभासी यंत्र' म्हणतात, मुले 'व्हीएम' म्हणतात. 'आभासी' हा शब्द मला कधीच रुचला नाही. ज्याच्यावर खरी आज्ञावली लिहिली जाते, खरी चूक सापडते आणि ज्याच्या जोरावर खरा पगार मिळतो, त्याला आभास का म्हणावे? 'इजाऱ्याचे यंत्र' हे नाव त्याला अधिक शोभते.

या यंत्राचा जन्म टंचाईतून झाला. १९६० च्या दशकात संगणक एवढा महाग होता की, एका माणसाने विचार करीत बसावे आणि तोवर यंत्राने रिकामे राहावे, ही चैन कोणासच परवडत नसे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी १९६४ च्या अखेरीस जे काम हाती घेतले, त्यातून १९६७ च्या आरंभी 'सीपी-४०' ही प्रणाली चालू झाली. सिस्टिम ३६० मालिकेतल्या चाळीस क्रमांकाच्या यंत्रात काही फेरफार करून तिने एका यंत्राची चौदा यंत्रे केली आणि प्रत्येकाच्या वाट्याला २५६ किलोबाइट स्मृती दिली. आज एका छायाचित्रालाही जी अपुरी पडेल, तेवढ्या स्मृतीत एक अख्खा माणूस आपले राज्य चालवीत होता. पुढे 'सीपी-६७' आली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये 'व्हीएम-३७०' या नावाने हीच कल्पना विक्रीस निघाली. तिचा एक उपयोग आरंभापासूनच नव्या प्रणालीची परीक्षा पाहण्याचा होता: अर्धवट लिहिलेली प्रणाली खऱ्या यंत्रावर चढवून सर्वांचे काम बंद पाडण्यापेक्षा ती एका इजाऱ्यात सोडावी, बिघडली तर तो एकच इजारा बुडेल, शेजारचे तेरा सुखरूप राहतील.

आपल्याकडे या युगाचा वारा फारसा लागला नाही. १९७८ मध्ये आयबीएमनेच भारतातून आपला गाशा गुंडाळला. पुसदचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये आणि यवतमाळचे १९९६ मध्ये निघाले, तेव्हा जगात टेबलावरच्या छोट्या संगणकांचा अंमल बसला होता, आणि या छोट्या यंत्रांना इजाऱ्याची पद्धत मुळी मानवतच नव्हती. त्याचे कारण मनोरंजक आहे. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी असे सिद्ध केले होते की, आतल्या यंत्राने मालकी हक्कावर गदा आणणारी कोणतीही आज्ञा दिली तर ती चावडीवर अडली पाहिजे, म्हणजे वरच्या कारभाऱ्याला ती दिसली पाहिजे. पेंटियम प्रोसेसरमध्ये मात्र सतरा आज्ञा अशा निघाल्या की, त्या चावडी टाळून आडवाटेने निसटत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून १९९८ मध्ये निघालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली ती अस्सल मुनीमगिरीची: आतल्या यंत्राचा प्रत्येक कागद आधी स्वतः वाचायचा, अडचणीच्या ओळी बदलून लिहायच्या, आणि मगच तो पुढे सरकवायचा. १९९९ मध्ये तिचे 'वर्कस्टेशन' बाजारात आले. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय केली, तेव्हा या मुनिमाचे ओझे हलके झाले. आणि २००७ च्या जानेवारीत इनोटेक या जर्मन कंपनीने 'व्हर्च्युअलबॉक्स' मुक्त करताच, ज्याच्या खिशात दमडी नव्हती त्यालाही इजारदार होता येऊ लागले.

त्यापूर्वीचे दिवस मी पाहिले आहेत. एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा काही वर्षे माझ्या ताब्यात होती. कार्यालयाला विंडोज हवे, अभ्यासक्रमाला लिनक्स हवे, आणि यंत्रे मोजकी. तेव्हा एकाच डिस्कचे दोन वाटे करून दोन प्रणाली शेजारी शेजारी बसवण्याचा प्रघात होता. मासिकाबरोबर आलेली सीडी घालून एका हुशार विद्यार्थ्याने एका दुपारी लिनक्स बसवावयास घेतले, वाटणीच्या प्रश्नाशी 'संपूर्ण डिस्क वापरावी' हा पर्याय निवडला, आणि सत्राचे अंतर्गत गुण ज्या फाईलमध्ये होते तिच्यासह सारे विंडोज पाच मिनिटांत स्वर्गवासी झाले. गुण रजिस्टरातही हाताने लिहिलेले होते म्हणून माझी नोकरी टिकली. त्या मुलाला मी रागावलो, याची मला आता लाज वाटते. चूक त्याची नव्हती, बिघडवून पाहण्यास सुरक्षित जागा देण्याची ऐपत आमच्यापाशी नव्हती.

ती जागा मिळाल्यावरही ती सहजी ताब्यात येई असे नाही. शेजारच्या एका मुलाने जुना चार जीबी स्मृतीचा लॅपटॉप घेतला आणि व्हर्च्युअलबॉक्स उघडून नवे यंत्र निर्माण करू लागला, तो प्रणालींच्या यादीत सगळी नावे ३२ बिटांचीच. ६४ बिटांच्या उबंटू लिनक्सचा मागमूस नाही. दोन रात्री त्याने उलटसुलट स्थापना करण्यात घालवल्या. दोष यादीचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. प्रोसेसरमधली ती २००५ ची सोय कारखान्यातूनच कुलूपबंद येते कधी कधी, आणि तिची किल्ली यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, असते: यंत्र चालू करताच एफ-२ किंवा एफ-१० दाबावे, 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' हे कलम शोधावे, 'डिसेबल्ड' चे 'एनेबल्ड' करावे, जतन करून बाहेर पडावे. यादी लगेच भरली. मग स्मृती देताना त्याने सरकपट्टी तांबड्या पट्ट्यापर्यंत ओढली, तेव्हा मी त्याचा हात धरला. इजारदाराला एवढे द्यावे की मूळ मालकाचे पोट मारले जाऊ नये. चारांतले एक, फार तर दीड जीबी. डिस्क वीस जीबीची लिहून द्यावी, पण 'वाढती' ठेवावी, म्हणजे कागदावर वीस असली तरी प्रत्यक्षात जेवढी पेरणी तेवढीच जमीन जाते. जाळ्याची जोडणी 'नॅट' असू द्यावी आणि बाहेरचा ८०८० हा दरवाजा आतल्या ८० ला जोडावा. मग आतल्या सर्व्हरवरचे पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये दिसते. आणि काहीही नवे बसवण्यापूर्वी 'स्नॅपशॉट' घ्यावा. हा त्या क्षणाचा पंचनामाच असतो. पुढे कितीही नासधूस झाली तरी पंचनाम्यातली स्थिती जशीच्या तशी परत मिळते.

भारनियमनाच्या काळात या यंत्राचा आणखी एक गुण आम्हांला कळला, जो केंब्रिजच्या मंडळींच्या स्वप्नातही नसेल. यूपीएस ओरडू लागला की हाताशी दहा मिनिटे असत. तेवढ्यात खिडकी बंद करताना 'स्थिती जतन करा' हा पर्याय निवडला की आतले यंत्र होते तिथे गोठे. वीज चार तासांनी येवो की सहा, ओळीच्या ज्या अक्षरावर बोट थांबले होते तेथेच ते पुन्हा जागे होई.

२०१० मध्ये मिचेल हाशिमोटो या तरुणाने 'व्हेग्रंट' काढले आणि यंत्राची मांडणी हाताने करण्याऐवजी ती एका छोट्या फाईलमध्ये शब्दांनी लिहून ठेवण्याची रीत पडली. स्मृती किती, दरवाजे कोणते, आत काय बसवायचे, हे सारे त्या सनदेत लिहिलेले. सनद सहकाऱ्याला द्यावी, त्याने एक आज्ञा द्यावी, आणि त्याच्याकडे हुबेहूब तेच यंत्र उभे राहावे. 'माझ्याकडे तर चालते' हा प्रोग्रामरांचा सनातन बचाव त्यामुळे पुष्कळसा लंगडा पडला. इंग्रजीत 'व्हेग्रंट' या शब्दाचा अर्थ भटका, आणि त्यात थोडी हेटाळणी आहे. परंतु ज्या जिल्ह्यात बंजारा तांड्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ आणि सगळा संसार घेऊन मुलूख पालथा घातला, तेथे जाईल तिथे तेच घर उभे करण्याची ही विद्या कोणी हिणवू नये.

२०१३ मध्ये, प्रत्येक प्रोग्रामसाठी अख्खे यंत्र न थाटता तो हलक्या पेटीत चालवणारे डॉकर आले, आणि इजाऱ्याचे दिवस संपले असे पुण्यात बोलले जाऊ लागले. ते फारसे खरे नाही. विंडोजवर किंवा मॅकवर डॉकर चालते तेव्हा त्याच्याखाली गुपचूप एक लिनक्सचे इजाऱ्याचे यंत्रच राबत असते. ॲपलने २०२० च्या अखेरीस चिपची जातच बदलल्यापासून जुनी इंटेलची यंत्रे तिच्यावर या रीतीने चालत नाहीत, एवढे खरे. आता पुष्कळजण म्हणतात की यंत्र घरी ठेवायचेच कशाला, सारे काही क्लाउडवर भाड्याने मिळते. हा सल्ला अखंड जोडणी असलेल्या शहरातला आहे. ज्या यवतमाळने निळोणा आणि चापडोह या धरणांचे तळ उघडे पडलेले पाहिले, टँकर आला की घरातली यच्चयावत भांडी भरून ठेवली, त्या गावाला साठवणीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. घाटंजीत किंवा झरी जामणीला जोडणी तुटली की क्लाउडवरचे यंत्र ढगासारखेच निघून जाते. डिस्कवर उतरवून घेतलेले मात्र रांजणातल्या पाण्यासारखे घरीच असते. टाळेबंदीच्या २०२० मध्ये पुण्याहून गावी परतलेल्या मुलांना हे माळवदावर नेटवर्क शोधताना उमगले.

म्हणून दिवाळीला पुण्याहून वा हैदराबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी येणाऱ्या जिल्ह्यातील तरुणांना एक विनंती आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी आपले चालू, नीट मांडलेले यंत्र 'ओव्हीए' फाईल करून बरोबर घ्यावे. कंपनीचे नव्हे, स्वतःचे. गल्लीत शिकणारे एखादे पोर असतेच. त्याच्या लॅपटॉपवर ते उतरवून द्यावे आणि बायोसमधले ते कलम आपल्या हाताने उघडून द्यावे. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाईल घेत नाही, तेव्हा तो आधी एनटीएफएस करून घ्यावा.