आतबट्ट्याचा सौदा आणि मेम्फिसची वाटचाल

१ फेब्रुवारी २००८ रोजी मेम्फिस ग्रिझलीज या बास्केटबॉल संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू लॉस एंजलिस लेकर्सच्या हवाली केला. तो होता पाऊ गसोल: सात फुटी, स्पॅनिश, दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने चेंडू जाळीत सोडणारा. त्याच्या बदल्यात मेम्फिसच्या पदरात काय पडलं? करार संपत आलेला क्वामे ब्राऊन, जावारिस क्रिटेंटन हा नवखा गार्ड, खेळणं जवळजवळ सोडून दिलेला ॲरन मकी, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतले दोन हक्क आणि स्पेनमध्ये खेळणाऱ्या तेवीस वर्षांच्या एका मुलाचे हक्क. हा मुलगा म्हणजे पाऊचा धाकटा भाऊ मार्क.

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, त्या दिवशी मेम्फिसची शोभा झाली. सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी तर असे बिनबुडाचे सौदे रद्द करायला एक समितीच हवी, असं जाहीरपणे म्हटलं. आतबट्ट्याचा व्यवहार कसा असतो हे सांगायचं झालं, की पुढे कितीतरी दिवस याच सौद्याकडे बोट दाखवलं जाई. तो निकाल आज पुन्हा तपासायचा, तर आधी या संघाची वाटचाल पाहायला हवी.

व्हँकुव्हर ते मिसिसिपी

ग्रिझलीजचा जन्म मेम्फिसचा नाही. १९९५ मध्ये एनबीएने कॅनडात दोन नवे संघ उभे केले, एक टोरंटोत आणि एक व्हँकुव्हरमध्ये. व्हँकुव्हरच्या संघाने पहिल्या हंगामात १५ सामने जिंकले, ६७ गमावले. त्यातले २३ पराभव तर ओळीने झाले. सहा वर्षांत एकाही हंगामात त्यांना २३ च्या वर विजय मिळवता आले नाहीत. २००१ मध्ये मालक मायकेल हाइस्ली यांनी संघाचं बिऱ्हाड मेम्फिसला हलवलं. मिसिसिपी नदीकाठचं हे शहर कापसाच्या व्यापारावर वाढलेलं, ब्लूज संगीतात रमलेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६८ मध्ये हत्या झाली ती इथेच. त्या शहराला आता स्वतःचा एनबीए संघ मिळाला.

त्याच वर्षी आणखी एका अदलाबदलीतून पाऊ गसोल संघात आला. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने त्याला निवडलं होतं. ग्रिझलीजने शरीफ अब्दुर-रहीमसारखा प्रस्थापित खेळाडू देऊन त्याला मिळवलं. त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं होतं क्वामे ब्राऊनचं. पाऊ त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २००२ मध्ये जेरी वेस्ट यांच्यासारखा जाणकार व्यवस्थापनात आला, पुढे ह्युबी ब्राऊन प्रशिक्षक झाले आणि २००३-०४ मध्ये संघाने ५० सामने जिंकले. सलग तीन वर्षं प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, गाठली. पण तिन्ही वर्षं चारच्या चार सामने हरून घरी परतावं लागलं. बारा सामने, बारा पराभव.

मग घसरण सुरू झाली. २००६ च्या जागतिक स्पर्धेत स्पेनकडून खेळताना पाऊच्या पायाचं हाड मोडलं. त्या हंगामात मेम्फिसचे २२ विजय झाले आणि ६० पराभव. वेस्ट पायउतार झाले, त्यांच्या जागी ख्रिस वॉलेस आले. लीगमधल्या सर्वांत वाईट कामगिरीमुळे पहिल्या क्रमांकाची आशा असूनही ड्राफ्टच्या सोडतीत चौथा क्रमांक वाट्याला आला. त्यावर त्यांनी माइक कॉन्ली हा शांत स्वभावाचा गार्ड निवडला. ही निवड तेव्हा फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. पाऊभोवती बांधलेला संघ पुढे सरकत नव्हता, हे मात्र सगळ्यांनाच दिसत होतं.

सौद्याचं गणित

एनबीएमध्ये अशा सौद्यात पगारांचाही मेळ बसवावा लागतो. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला, त्या वेळच्या नियमाप्रमाणे, जितका पगार बाहेर पाठवला त्याच्या साधारण सव्वापटीपर्यंतच पगार आत घेता येई. पाऊचा त्या हंगामाचा पगार होता सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर. क्वामे ब्राऊनचे सुमारे ९० लाख आणि क्रिटेंटनचा नवख्याचा पगार मिळूनही बेरीज थोडी कमी पडत होती. ती भरून काढायला लेकर्सने मकीशी नवा करार केला आणि लगेच त्याला सौद्यात घातलं. मेम्फिसकडून तो एकही सामना खेळला नाही.

बाकीच्यांचंही तसंच झालं. ब्राऊन हंगाम संपताच गेला, क्रिटेंटन वर्षभरात गेला. पहिला ड्राफ्ट हक्क दुसऱ्या संघाकडे वळला. दुसऱ्यातून आलेला ग्रेविस वास्केझ एकच हंगाम टिकला. या पाच रकान्यांवर निकाल द्यायचा असेल, तर पोपोविच यांचा राग अगदी योग्य होता. पाऊसारख्या खेळाडूचं मोल त्यात कुठेच भरून निघत नाही.

उरतो सहावा रकाना.

अठ्ठेचाळिसावं नाव

२००१ मध्ये पाऊबरोबर सगळं कुटुंब मेम्फिसला आलं, तेव्हा मार्क सोळा वर्षांचा होता. तो तिथल्याच लॉसान कॉलेजिएट स्कूलमध्ये शिकला, शाळेच्या संघातून खेळला. अंगाने तो चांगलाच जाडजूड होता. सडपातळ, चपळ थोरल्या भावाशेजारी हा मुलगा एनबीएत पोचेल असं सहसा कुणाला वाटलं नसतं. शाळा संपवून तो स्पेनला परतला. २००७ च्या ड्राफ्टमध्ये लेकर्सने त्याला घेतलं ते अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर. या क्रमांकावरचे बहुतेक खेळाडू एनबीएत फार काळ दिसत नाहीत.

पण सौदा झाला त्याच हंगामात मार्क जिरोना संघाकडून असा खेळत होता, की वर्षाअखेरीस तो स्पॅनिश लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सौद्याची थट्टा करणाऱ्या बहुतेकांनी त्याचे सामने पाहिले नसावेत. वॉलेस यांनी त्याचे हक्क मागून घेतले, ही त्यांची पारख म्हणावी लागेल. मात्र मार्क पुढे इतका वाढेल हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, असं आज म्हणणं म्हणजे मागाहून शहाणपण सांगणं होईल.

लेकर्सना फळ लगेच मिळालं. त्याच वर्षी त्यांनी अंतिम फेरी गाठली, २००९ आणि २०१० मध्ये विजेतेपदं जिंकली. २०१० च्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात पाऊने १८ रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परतलेले चेंडू, खेचले. मेम्फिसने मात्र मार्कच्या पहिल्या हंगामात २४ सामने जिंकले, दुसऱ्यात ४०. त्याला रोज मैदानावर उभं राहायला मिळालं, चुकायला वेळ मिळाला. पाऊचा मोठा करार अंगावरून उतरल्यामुळे २००९ मध्ये झॅक रँडॉल्फचा भारी पगार पेलणं सोपं गेलं. २०१० मध्ये टोनी ॲलन आला. कॉन्ली तर आधीपासून होताच.

बारा पराभवांची फेड

२०११ मध्ये आठव्या मानांकनाचं मेम्फिस प्लेऑफमध्ये गेलं. समोर होते पहिल्या मानांकनाचे स्पर्स, पोपोविच यांचे. पहिल्या सामन्याचं शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं, मेम्फिस मागे. चेंडू शेन बॅटियरच्या हाती आला. २००१ पासून पाऊच्या सोबतीने त्या बारा पराभवांतून गेलेला, नंतर दुसरीकडे जाऊन महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच परतलेला हा खेळाडू. त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू सोडला आणि तो जाळीत गेला. १०१-९८. संघाच्या इतिहासातला हा प्लेऑफमधला पहिला विजय. मालिकाही मेम्फिसने ४-२ अशी जिंकली.

टोनी ॲलनच्या तोंडून निघालेले 'ग्रिट अँड ग्राइंड' हे शब्द पुढे त्या शहराचं ब्रीद झाले. चिकाटी धरायची, घासत राहायचं, समोरच्याला एकही गुण सहज द्यायचा नाही. त्या खेळाच्या केंद्रस्थानी मार्क होता. उडी फार नाही, वेग बेताचाच, पण प्रतिस्पर्धी कुठे वळणार हे त्याला आधी कळे. २०१३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या वर्षी ५६ विजय मिळवून संघ वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे स्पर्सनी चारही सामने जिंकले. २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षं मेम्फिस प्लेऑफमध्ये होतं. विजेतेपद मात्र आलं नाही.

१५ फेब्रुवारी २०१५ चं न्यूयॉर्कमधलं दृश्य माझ्या मनातून जात नाही. लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याची सुरुवात. मधल्या वर्तुळात एका बाजूला पाऊ, दुसऱ्या बाजूला मार्क, दोघंही सात फुटांच्या आसपास. पंचाने चेंडू वर टाकला आणि एकाच सौद्यात दोन दिशांना गेलेले दोन भाऊ एकमेकांसमोर झेपावले.

तर मग हिशेब काय?

लेकर्सना अधिक मिळालं, यात शंका नाही. दोन विजेतेपदांची बरोबरी सात प्लेऑफशी होत नाही. पण एकाला अधिक मिळालं म्हणजे दुसरा बुडालाच, असं समजण्यात त्या दिवशीची चूक होती. पाऊला धरून ठेवलं असतं, तर जिथे पोचून हा संघ थांबला होता, तिथेच तो बहुधा रेंगाळला असता. सौदा विषम होता. तरीही मेम्फिसने तो करण्यात शहाणपण होतं. शिवाय मार्क नुसता मिळून भागणार नव्हतं. त्याला घडवायला तीन वर्षांचा धीर लागला, आणि तो मेम्फिसने स्वतःच्या पदरचा घातला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मेम्फिसने मार्कलाही निरोप दिला. तो टोरंटोला गेला, म्हणजे १९९५ च्या त्या जुळ्या भावंडाकडे, आणि चार महिन्यांत विजेता झाला. ६ एप्रिल २०२४ रोजी मेम्फिसने त्याच्या जर्सीचा ३३ क्रमांक कायमचा निवृत्त केला. पाऊचा १६ क्रमांक वर्षभर आधीच लॉस एंजलिसमध्ये छताखाली चढला होता.

जून २०२५ मध्ये मेम्फिसने डेस्मंड बेनला ऑर्लँडोकडे पाठवलं आणि इतर खेळाडूंसोबत पहिल्या फेरीतले चार ड्राफ्ट हक्क घेतले. या वेळी कौतुक मेम्फिसच्या वाट्याला आलं. पण त्या हक्कांतून अखेर काय हाती लागेल, आलेल्यांना वाढायला किती हंगाम मिळतील, हे अजून ठरायचं आहे. २००८ मध्ये ज्या घाईने या संघाला हसलो, त्याच घाईने आज त्याची पाठ थोपटू नये.