मुलांसाठी बेसबॉलचं मैदान : माप, माती आणि पाण्याची वाट

बेसबॉल हा मूळचा अमेरिकेचा खेळ. तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट इथे १९३९ मध्ये लहान मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू झाली. मुलांना झेपेल असं छोटं मैदान तिथूनच रूढ झालं. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळले जातात. पण गावात मैदान करायचं म्हटलं की आधी कुंपणाचा विचार होतो, पाण्याचा नंतर. तिथेच पैसा वाया जातो.

जागा आणि माप

१२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी साधारण सव्वा एकर जागा पुरते. चार बेसचा चौकोन ६० फुटी असतो. होम प्लेटपासून पिचरची पट्टी ४६ फुटांवर आणि हद्दीचं कुंपण साधारण २०० फुटांवर येतं. मोठ्यांच्या मैदानात बेसमधलं अंतर ९० फूट असतं.

आखणी सोपी आहे. होम प्लेटपासून सरळ ८४ फूट १० इंचांवर दुसऱ्या बेसची खुंटी ठोकावी. दोन्ही खुंट्यांपासून ६०-६० फुटांच्या दोऱ्या ताणल्या की त्या जिथे मिळतात तिथे पहिला आणि तिसरा बेस. दुसरा बेस पूर्व-ईशान्येकडे ठेवावा, म्हणजे संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही.

माती आणि उतार

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भेगेत पाय मुरगळतो, चेंडू अचानक उसळून तोंडावर येतो. म्हणून बेसच्या चौकोनातली काळी माती काढून मुरूम दाबावा. त्यावर वाळू मिसळलेल्या चाळलेल्या मातीचा तीन-चार इंच थर द्यावा. वाळू निम्म्याहून जास्त हवी. पिचरचा उंचवटा ६ इंच. तिथून बाहेरच्या बाजूला १०० फुटांना अर्धा ते एक फूट उतार द्यावा आणि कडेने चर काढावा.

जुनं मैदान सुधारताना

खेळताना माती उडून गवताच्या कडेला साचते. हळूहळू तिथे बांध तयार होतो आणि पाणी आत तुंबतं. दरवर्षी पावसाळ्यानंतर हा बांध खरवडून माती परत आत पसरावी. डबक्यातला चिखल झाडूने बाहेर लोटू नये, खड्डा आणखी खोल होतो. खड्ड्यात कोरडी माती नुसती टाकून उपयोग नाही. तळ उकरून, ओला करून, भरून धुमसावं. रेषांसाठी फक्की वापरावी. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.

गावाने काय करावं

जागा शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा, गावठाणाची असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आधी घ्यावा. क्रीडांगण विकास अनुदान योजनेची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. फलंदाजामागची जाळी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. तिच्याशिवाय खेळ सुरू करू नये. बाकीचं कुंपण पुढच्या वर्षी झालं तरी चालतं.