पाण्याखालचा पहिला कॅमेरा कसा निवडावा? १८५६ पासूनचा इतिहास काय सांगतो

(१/१२) शहापूर आणि मुरबाड हे पाण्याचे तालुके. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले; पुढे मोडकसागर, भातसा, बारवी आली. या जलाशयांची पातळी किती वाढली, हे मुंबई-ठाण्यातला माणूस पावसाळ्यात रोज वाचतो. पाण्याच्या आत काय आहे, ते मात्र क्वचितच कोणी पाहतो. जलरोधक कॅमेरे आता आवाक्यात आले आहेत. तेव्हा नवख्याने सुरुवात कोणत्या साधनाने करावी, हे जाहिरातींना विचारण्यापूर्वी इतिहासाला विचारू.

(२/१२) फेब्रुवारी १८५६. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील वेमथ हे गाव. पेशाने वकील असलेल्या विल्यम थॉम्पसन यांनी कॅमेरा एका पेटीत बसवला, ती दांड्याला लावली आणि होडीतून सुमारे ५.५ मीटर खोल सोडली. काचपट्टीवर प्रकाश पडू देण्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागले. पेटीत समुद्राचे पाणी शिरले, तरीही पुसटसे चित्र हाती आले. समुद्रतळाच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

(३/१२) या प्रयोगातील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिला शत्रू गळती. आणि छायाचित्रकार स्वतः पाण्यात उतरलाच नव्हता. उतरला तो कॅमेरा.

(४/१२) १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल येथील सागरी प्रयोगशाळेत लुई बुताँ पाणबुड्याचा पोशाख घालून स्वतः खाली गेले. कॅमेऱ्याची पेटी त्यांच्या भावाच्या मदतीने तयार झाली होती. आता अडचण प्रकाशाची. एकेका चित्राला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. म्हणून त्यांनी पाण्याखाली मॅग्नेशियम जाळून उजेड करण्याचे प्रयोग केले. १९०० साली त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

(५/१२) यानंतर रंगाचा प्रश्न आला. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ माशाचे पाण्याखालील पहिले रंगीत छायाचित्र घेतले. त्यासाठी पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली. हे चित्र जानेवारी १९२७ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये छापून आले.

(६/१२) एवढा खटाटोप का? पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते. स्वच्छ पाण्यातही चार-पाच मीटरवर लाल वस्तू काळपट दिसू लागते. शिवाय पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्याने सपाट काचेतून वस्तू पाऊण अंतरावर आणि त्या प्रमाणात मोठी भासते. काठावरून माशावर नेम धरणारा मासा दिसतो त्याहून खाली रोख ठेवतो, त्यामागे हाच नियम आहे. म्हणून पाण्याखालील छायाचित्रणाचा मूलमंत्र एकच : जवळ जा. हातभर अंतरावरचे चित्र रंग राखते. दहा हातांवरचे चित्र धुक्यात हरवते.

(७/१२) पेटीच्या बोजड ओझ्यातून सुटका केली ती 'कॅलिप्सो' या फ्रेंच कॅमेऱ्याने. सागरसंशोधक कुस्तो यांच्या प्रेरणेने ज्याँ द वाउटर्स यांनी तो घडवला. त्यावरूनच १९६३ मध्ये निकॉनने 'निकोनॉस' बाजारात आणला. त्याला वेगळे आवरण लागत नसे. त्याच्या सांध्यांतील रबरी कडीच पाणी अडवी. कडीवर केस किंवा वाळूचा कण राहिला की कॅमेरा संपला! आजच्या महागड्या आवरणांचेही तेच आहे.

(८/१२) आता खर्चाचा क्रम पाहू. इतिहासाने ज्या क्रमाने अडचणी सोडवल्या, त्याच क्रमाने पैसा घालावा : आधी जलरोधकता, मग जवळून टिपण्याची क्षमता, त्यानंतर प्रकाश. मेगापिक्सेल सर्वांत शेवटी.

(९/१२) नवख्यास दोन पर्याय पुरतात. गोप्रोसारखा छोटा कॅमेरा (बहुतेक नवी मॉडेल्स आवरणाविना १० मीटरपर्यंत चालतात), किंवा ओलिम्पस टफसारखा कॉम्पॅक्ट कॅमेरा (१५ मीटर). दुसरा अगदी जवळच्या वस्तूसाठी उजवा. फोनवरील 'आयपी ६८' या शिक्क्यावर विसंबू नये. ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली असते. आवरण घेतलेच, तर प्रथम आत कोरडा कागद ठेवून ते रिकामेच बादलीत अर्धा तास बुडवावे. कागद कोरडा निघाला, तरच कॅमेरा आत ठेवावा.

(१०/१२) आपल्या नद्यांचे पाणी हिरवट आणि गाळाचे. निळ्या समुद्रासाठीचा लाल फिल्टर येथे फारसा उपयोगी नाही. हिरव्या पाण्याला जांभळट-गुलाबी फिल्टर लागतो. कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवावा. तो गाळाचे कण उजळवतो आणि चित्रावर जणू बर्फ पडतो. दिवा लावायचाच, तर भिंगापासून दूर, बाजूला धरावा.

(११/१२) आणि जागा? पिण्याच्या पाण्याचे जलाशय यासाठी नाहीत. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात धबधबे आणि धरणांवर बंदी आदेश निघतात, त्यामागे बुडालेल्या माणसांचा इतिहास आहे. दिवाळीनंतर काळू, शाई, भातसा यांचे पाणी निवळते. तेव्हा गावकऱ्यांना विचारून, सोबत घेऊन, कोरड्या खडकावर बसावे. छोटा कॅमेरा बांबूला पक्का बांधावा, त्याला दोरीही लावावी आणि उथळ पाण्यात सोडावा. १८५६ ची हीच रीत. पोहणे आणि पाणबुडी शिकायची असेल, तर तारकर्ली-मालवणात प्रशिक्षणाची सोय आहे. पण प्रशिक्षण आधी, कॅमेरा नंतर.

(१२/१२) यात खरे मोल चित्रांचे आहे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले. फ्रान्सिस डे यांचा 'फिशेस ऑफ इंडिया' १८७५ ते १८७८ मध्ये आला. दोघांच्याही चित्रांतले मासे पाण्याबाहेर काढलेले. जिवंत मासा कोणत्या दगडाआड राहतो, वलगणीला कोणत्या ओढ्याने चढतो, त्याला काय म्हणतात, हे येथील कातकरी, ठाकर आणि कोळी जाणतात. त्यांनी सांगितलेले नाव, ठिकाण आणि तारीख चित्रासोबत लिहून ठेवली, तर बांबूच्या टोकावरचा साधा कॅमेराही या नद्यांच्या इतिहासाचे साधन ठरेल. नदी उद्या बदलली, तर ती कशी होती हे सांगणारा पुरावा तोच असेल.